समुद्र नसलेल्या गावातली गलबतं

माझं माहेर मालवणचं. वडील बंदरावर कारकून होते आणि आमच्या अंगणातून होड्या दिसायच्या. लग्न होऊन मी इंदूरला आले, तेव्हा नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात मोठ्या अभिमानाने मला कपाटावरचं, स्वतः बनवलेलं गलबत दाखवलं. सागाच्या पट्ट्या, बांबूच्या कामट्यांच्या डोलकाठ्या आणि खाली पाणी म्हणून प्लास्टर, त्याला शाळेच्या रंगपेटीतला निळा फासलेला. "कसं आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "छान." या माणसाने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, हे मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून कळलं.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायचे. मनात तो एकेरीच होता, आणि इथेही तसाच राहील.

तो कपड्याच्या मिलमध्ये कताई खात्यात सुपरवायझर होता. गलबतांचे दोर तिथल्याच सुताचे असायचे. ते बांधायचे मात्र मी, कारण त्याला गाठी येत नव्हत्या. पुस्तकातलं चित्र समोर ठेवून तो दोऱ्याचा गुंता करायचा आणि तो गुंता माझ्यापुढे सरकवायचा. मग मी चिमट्याने एकेक दोर ओढून घ्यायचे. पाहुणे पोह्यांची बशी हातात धरून म्हणायचे, "भिया, दोर तर एकदम असली वाटतात!" तो मान हलवायचा. "मेहनत लागते." मी आत जाऊन चहा टाकायचे. गलबतांमागून रणगाडे आले. एका रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या कापण्यात त्याने अख्खा उन्हाळा घालवला. घरातला पंखा त्या वर्षी बिघडलेलाच राहिला.

मग मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. बाकीच्यांनी फाटकासमोर तंबू ठोकला, घोषणा दिल्या. पुढारी मोटारीतून यायचे, एकजुटीवर बोलायचे आणि मोटारीतूनच परत जायचे. त्यांच्याकडून मला कधीच अपेक्षा नव्हती. हळूहळू तंबू रिकामा झाला. कुणी ऑटो चालवायला लागला, कुणी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याच्या किसाची गाडी लावली. माझा नवरा घरी बसून गुराब बांधायला लागला. गुराब म्हणजे तोफा चढवलेलं मराठी आरमारातलं लढाऊ जहाज.

"मिल उघडेलच," तो म्हणायचा. "तोपर्यंत हे पुरं करून टाकतो."

गुराब पुरी झाली. मिल उघडली नाही. त्याने दुसरी गुराब सुरू केली आणि मी शिकवण्या.

मधे भाच्याच्या लग्नासाठी आम्ही मालवणला गेलो. आता तरी याला समुद्र कळेल, असं मला वाटलं. किल्ल्यावर जायला होडीत बसलो तर याने दोन्ही हातांनी फळी धरली, डोळे मिटले, आणि अर्ध्या वाटेत सकाळची घावनं पाण्यात ओकून टाकली. उतरल्यावर वाळूत उभा राहून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. एवढी वर्षं ज्याच्या नावाने घर भरलं, त्याच्याबद्दल हा माणूस काहीतरी बोलेल म्हणून थांबले होते.

"अगं," तो म्हणाला, "निळा नाहीच आहे हा."

इंदूरला परतल्यावर त्याने सगळ्या गलबतांखालचं पाणी खरवडून हिरवट करडं केलं. समुद्राचा त्याच्यावर झालेला परिणाम एवढाच.

त्याच सुमारास विजय नगरकडे इमारती उठत होत्या. वडिलांची शेती विकून बिल्डर झालेला एक जण कुणाकडून तरी ऐकून आमच्याकडे आला. गळ्यात जाड साखळी, हातात तेव्हा नवाच असलेला मोबाइल. तो त्याने टीपॉयवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"भाईसाब, क्या फिनिशिंग है! आमच्या राऊ गावातल्या कॉलनीचं मॉडेल करून द्या ना. गेट, गार्डन, फ्लॅट, सब कुछ."

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. "मी घरं करत नाही."

"मतलब?"

"मी इतिहास करतो."

बिल्डरला ते समजलं नाही. मला समजलं, म्हणून मला जास्त संताप आला. बिल्डर जिना उतरायला लागला तशी मी मागून गेले. "मी करीन," म्हटलं.

"भाभीजी, आप?"

"ते दोर कुणी बांधलेत वाटतं तुम्हाला?"

मी नवऱ्याच्याच करवती आणि कानशी वापरायला घेतल्या. स्पंज हिरव्या रंगात बुडवून झाडं केली. नकाशात नसलेला स्विमिंग पूल बिल्डरने मॉडेलमध्ये घालायला लावला, तोही घातला. लोक त्या पुलाकडे बोट दाखवून फ्लॅट बुक करत होते. त्यांचीही मला कीव आली नाही. नवरा माझ्या इमारतींना काडेपेट्या म्हणायचा. त्या कामावर घर चालायला लागलं, तरी शब्द तोच.

एकदा तो न सांगता बिल्डरच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. काचेवर वाकून वाकून माझं काम बघितलं. मग म्हणाला, "बाल्कनी चुकलीय तुझी. या मापात तिच्यात माणूस उभा राहू शकणार नाही."

"चुकलेली नाही," मी म्हटलं. "तो बांधतोच तेवढी."

घरी जाताना बसमध्ये तो एकदम म्हणाला, "गुराबीमागे किनारा करावा म्हणतो. माड करून देशील?"

दिले करून. तार, सूत, कागदाच्या झावळ्या. एका संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे हात केला. "हे माड हिने केलेत. जरा वाकडे झालेत, पण चालतात."

माड वाकडेच असतात. किनाऱ्यावर उभं राहूनही याने तेवढं बघितलं नव्हतं. मी पाहुण्यांना पोहे वाढले आणि कुणी न विचारताच म्हटलं, "दोरही मीच बांधलेत. सगळे." पाहुणे हसले, त्यांना तो विनोद वाटला. नवरा हसला नाही. मान खाली घालून तो डोलकाठीवरची धूळ पुसत बसला.