मुडशिंगीचा समुद्र

नकाशावर जिथं काहीच छापलेलं नसेल, तिथं ते उजव्या हाताचा अंगठा दाबायचे आणि विचारायचे, "हितं कोण असतंय?"

समोरचा म्हणायचा, "कुणी नाही. समुद्र आहे."

"समुद्र हाय ते दिसतंय की. कोण असतंय म्हणून इचारतोय."

कोल्हापुरातल्या एका संस्थेत ते आरेखक होते आणि मी टंकलेखक. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. ते गडमुडशिंगीहून सायकलवरून यायचे, पँटच्या पायाला क्लिप लावून. आयुष्यभर त्यांनी कालवे, पाझर तलाव आणि गावठाणं काढली होती. आणि अचानक त्यांच्या टेबलावर समुद्र आला.

कोल्हापुरात समुद्राचं काम कसं आलं, असं तुम्ही विचाराल. झालं होतं असं, की महाराष्ट्र आणि गोव्याच्या हद्दीवरच्या पाण्यात रोज भांडणं होत होती. इकडचे छोटे होडीवाले, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे, दोन्हीकडचे ट्रॉलरवाले, खनिजाच्या बार्ज चालवणारे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारे, सगळ्यांना तेच पाणी हवं होतं. कोण कधी कुठं जाईल हे सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं, असं वरून ठरलं. पण हे त्यांच्या गावात जायला तयार नाहीत, ते यांच्या. शेवटी सगळे घाट चढून कोल्हापुरात यायला तयार झाले. बैठका भरवायच्या आणि सगळ्यांना मान्य होईल असा नकाशा काढायचा, हे काम आमच्या संस्थेला मिळालं.

ज्यानं समुद्र पाहिलेला नाही तो समुद्राचा नकाशा काढणार, म्हणून आम्ही त्यांना 'सारंग', म्हणजे जहाजाचा कप्तान, म्हणायला लागलो. ते आत आले की कुणीतरी भोंगा वाजवल्यासारखा आवाज काढायचा. मीही काढलाय. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याला हसण्यावर बाकीच्यांची मैत्री टिकून असते.

पहिल्या बैठकीत ट्रॉलरवाले पंख्याखाली बसले आणि होडीवाले भिंतीला टेकून उभे राहिले. आमच्या सारंगांनी हॉलभर हिंडून स्वतःच्या हातानं खुर्च्या सरकवल्या, गोल मांडल्या आणि म्हणाले, "आता बसा. उभ्या माणसाचं कोण ऐकून घेत न्हाय." एका ट्रॉलरमालकानं हसत विचारलं, "या साहेबांनी समुद्र कधी बघितलाय का?"

"न्हाय," हे म्हणाले. "पुढच्या खेपेला बघून येतो."

आणि खरंच रजा टाकून गेले. आठवड्यानं परत आले तेव्हा नाकाची सालं निघालेली. "सात वेळा ओकलो," मला सांगत होते. "पर सात ठिकाणी माणसं भेटली. ह्यो म्हणं मोकळा समुद्र!"

दुसऱ्या बैठकीला त्यांनी सुकी मासळी विकणाऱ्या तीन बायका एस्टीनं आणल्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. हॉलचा मॅनेजर वास येतोय म्हणून तक्रार घेऊन आला. हे शांतपणे म्हणाले, "वास माशाला येतोय, बायकांना न्हाय. बसू द्या." त्या बायकांनी पहिल्यांदाच सांगितलं, की ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले की आधी त्यांची चूल बंद होते. बार्जवाल्यांचा माणूससुद्धा वही काढून लिहायला लागला.

एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, एवढं कशाला मागे लागताय? बोटींचा नेहमीचा रस्ता आखून द्या आणि मोकळे व्हा.

ते म्हणाले, "आमच्या गावचा एक जुना नकाशा मला कामावर लागल्यावर बघायला मिळाला. देऊळ हाय, चावडी हाय, पाटलाची विहीर हाय. आमची वस्ती न्हवती. तिथं नुसती पांढरी जागा. माझा बा तिथं जन्मला, तिथंच मेला. ज्यानं काढला त्यानं इचारलंच नसंल, हितं कोण असतंय म्हणून."

एवढं बोलून ते उठले आणि कप विसळायला गेले. ऑफिसात त्यांचा कप वेगळा होता. तो कुणी वेगळा ठेवला होता, कधीपासून, हे कुणी बोलत नसे.

हद्दीजवळच्या एका गावात एक म्हातारे तांडेल होते. आपल्या होडीचे मुखिया. त्यांच्या माहितीतला एक खडक पाण्याखाली होता, दोन राज्यांच्या हद्दीवर आडवा पडलेला. तिथं मासा अंडी घालायला यायचा. तांडेल तिथं फक्त गळ टाकायचे, तेही ठरावीक दिवशी. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की खाली खडक, ही खूण त्यांच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

ती खूण आमच्या आरेखकांना मिळायला तांडेलांच्या तीन फेऱ्या व्हाव्या लागल्या. म्हातारे कोल्हापूरला बैठकीला आले की हॉटेलात न राहता मुडशिंगीला यांच्या घरी उतरायला लागले. यांच्या बायकोच्या हातची भाकरी खायचे, अंगणात झोपायचे. तिसऱ्या वेळी म्हणाले, "ही जागा माझ्या आज्यान माझ्या बापाशीक दाखवलेली, बापाशीन माका. तुका सांगतंय."

यांनी शब्द दिला, की या खुणांचा कागद सगळ्यांसमोर जाणार नाही. दोन्ही राज्यांचे अधिकारी हद्द आखताना तेवढा बघतील आणि तो पट्टा ट्रॉलरना बंद करतील. "नकाशावर आलं म्हंजे नाव लागलं, काका. मग कोण हलवू शकत न्हाय."

त्यांचा त्यावर विश्वास होता. मोठ्या नकाशावर त्यांनी खडकाच्या जागी नुसती फिकट छटा दिली आणि नेमक्या खुणांचा फुलस्केपएवढा ट्रेसिंग पेपर आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवला.

शेवटच्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात त्यांची आई गेली. जलदान विधीसाठी ते घरी राहिले. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "लय विश्वासाचं काम हाय. तुम्ही हाय म्हणून ठेवतोय."

तिसऱ्या दिवशी आमच्या संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ट्रॉलरवाले अडून बसलेत. खडक नेमका कुठं आहे ते दाखवल्याशिवाय बैठकीला येणार नाहीत. बैठक मोडली तर संस्थेचं नाव जाईल. मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "तुमची कायम होण्याची फाईल माझ्याकडंच आहे ना?"

मी किल्ली दिली. खरं सांगायचं तर दिली नाही, मीच जाऊन कपाट उघडलं. मीच झेरॉक्स काढल्या, संस्थेचा शिक्का मारला आणि मीच एकेक प्रत एकेका फाईलमध्ये लावली. त्या दिवशी मला ते एक काम वाटलं.

बैठकीला ते विधीचे पांढरे कपडे घालूनच आले होते. सगळ्यांना नमस्कार करून बसले आणि समोरची फाईल उघडली. मग ते उठले. बोलणं सुरू असतानाच हात पुढं करून खुर्च्या-खुर्च्यांपाशी जायला लागले.

"तेवढा कागद द्या की, पावणं. चुकून आलाय."

एकानं कागद घडी करून खिशात टाकला. दुसरा म्हणाला, "चुकून कसा? शिक्का आहे ना खाली!" हसू फुटलं. ते तिसऱ्यापाशी गेले. "द्या की. लय उपकार होतील." चौथ्यानं मात्र कागद त्यांच्या हातात दिला. "घ्या, साहेब. आमच्या तांत्रिक माणसानं आकडे उतरवून घेतलेत." आता सगळा हॉल हसला. भोंग्याचा आवाजही कुणीतरी काढला, आमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी. ते गोल मांडलेल्या खुर्च्यांच्या मधोमध, हातात एक कागद घेऊन उभे होते.

संचालक उठून म्हणाले, "आमच्या आरेखकांच्या हातून नजरचूक झालेली दिसते. घरी दुःखाचा प्रसंग आहे, समजून घ्या."

खुर्च्यांच्या मधोमध उभ्या उभ्या त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. किल्ली माझ्याकडं होती हे त्या हॉलमध्ये फक्त तिघांना माहीत होतं. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. नंतर टाईपही मीच केलं, "आरेखकाच्या नजरचुकीमुळे गोपनीय कागद वितरित झाला." ते वाक्य मला आजही पाठ आहे.

तांडेलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कळस आणि डोंगराची खाच त्यांना चित्रातही ओळखू आली. त्यांनी फाईल खुर्चीवर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले.

त्या हिवाळ्यात दोन्हीकडचे ट्रॉलर त्या खडकावर गेले. जाळी खरडत खरडत तळ साफ केला. अंड्यावरची मासळी टोपल्यांनी गेली. बंदीचा पट्टा कागदावर मंजूर झाला तेव्हा तिथं राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन्ही राज्यांचे अधिकारी, बार्जवाले, ट्रॉलरवाले, सगळ्यांच्या सह्या त्या नकाशावर आहेत. काम यशस्वी झालं म्हणून आमच्या ऑफिसात पेढे वाटले.

पेढे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी तांडेल ऑफिसात आले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, आता मारामारी होणार म्हणून. म्हातारे यांच्या टेबलासमोर थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "तुझ्या घराक जेवलंय रे मी."

हे उभे होते. माझं टेबल चार हातांवर होतं. त्यांना नुसतं बोट दाखवायचं होतं. त्यांनी दाखवलं नाही. म्हातारे गेले, आणि हे खाली बसून पेन्सिलीला टोक करायला लागले. पेन्सिल संपेपर्यंत करत राहिले.

चौकशी झाली. माझं इतिवृत्त पुरावा म्हणून लावलं. त्यांना राजीनामा द्यायला लावला. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करून ते माझ्याजवळ आले आणि विचारलं, "कायम झाला का तुम्ही?"

"झालो," मी म्हणालो.

"बरं झालं. पोरंबाळं हायत तुमास्नी."

त्यात टोमणा असता तर मी सुटलो असतो.

पुढं ते मुरगूडकडं कुणाकुणाचे प्लॉटचे नकाशे काढून देत होते असं कानावर यायचं. मी एकदाही गेलो नाही. पाच-सहा वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा मुडशिंगीला गेलो. भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी त्यांचा नवा फोटो लावलेला. वहिनींनी चहा ठेवला.

त्या सांगत होत्या, "दरवर्षी दिवाळीनंतर त्या तांडेलाच्या गावाला जायचे. किनाऱ्यावर रापण ओढत्यात न्हवं, तिथं दोर धरून हुबं ऱ्हायचे. दोर धरू नको असं कुणी म्हणत न्हवतं. पर बोलत बी कोण न्हवतं. दिवसभर ओढायचं आणि परत यायचं. हाताची सालं निघायची. मी म्हनायची, कशाला जाताय? तर म्हनायचे, एक दिवस बोलतील."

"बोलले का?"

"न्हाय. तो म्हातारा तर पाठ करून बसायचा."

चहा गार झाला होता. त्यांनी तो परत गरम करून आणला आणि समोर बसल्या.

"भावजी, एक इचारू? कपाट कुणी उघडलं ते मला शेवटपातुर सांगितलं न्हाय त्यांनी. लय इचारलं. म्हनायचे, आता काय करायचंय. तुम्ही तिथंच हुता. तुमास्नी ठावं असंल की."

मी त्यांच्याकडं बघितलं. घरात आम्ही दोघंच होतो. संचालक निवृत्त झाले होते, संस्था बंद पडली होती, माझी नोकरी दुसरीकडं लागली होती. आता मला कुणाचीच भीती नव्हती.

"नाही वहिनी," मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या आणि एस्टी येईपर्यंत डोक्यावर पदर धरून माझ्यासोबत उन्हात उभ्या राहिल्या.