आधीच वाटलेले पेढे

मने, कोल्हापूरच्या स्टँडवर एसटी हलली तेव्हा अण्णांनी खिडकीतून माझ्या मांडीवर लाल वही टाकली, आठवतं? वेटलिफ्टिंगची माझी पाच वर्षं, एका झटक्यात डोक्यावर नेलेली प्रत्येक स्नॅच त्यांच्या तिरप्या अक्षरात. शेवटच्या पानावर सत्तर किलो, खाली दोनदा रेघ. ताईचे सत्तर म्हणून पेढे तू आदल्याच दिवशी गल्लीभर वाटले होतेस. "पुण्यातल्या पोरींना वही दाखव," अण्णा म्हणाले. "गप बसत्याल."

स्वारगेटला उतरले ती ताठ मानेनं. खडकीच्या हॉलमध्ये सरांच्या हातात आधी वही दिली, मग बूट बांधले. पाच वेळा प्रयत्न केला. सत्तर काही डोक्यावर गेले नाहीत. त्रेसष्टवर थांबले. सरांनी वही मिटून परत देत विचारलं, "तुमच्या कोल्हापुरात किलो जरा हलका असतो का हो?" पोरी हसल्या. मला तो पुणेरी टोमणा वाटला.

मग मी कारणं शोधत बसले. मेसचं जेवण, होस्टेलचं पाणी, माझंच भित्रं मन. रोज संध्याकाळी फोनवर अण्णांपुढे रडायचे आणि ते म्हणायचे, "जमंल की. आधी जमलंय न्हवं?"

दिवाळीत घरी आले, सरांचं बोलणं आठवलं आणि आपल्या वजनाच्या प्लेटा रिक्षात घालून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर नेल्या. वीस कोरलेली प्लेट साडेसतरा भरली. दुसरीही तेवढीच, आणि पाचच्या दोन्ही चार-चार. त्या अण्णांनी स्वतः फौंड्रीत ओतल्या होत्या. लोखंड कुठे कमी पडलं हे त्यांना ठाऊक नसणार तर कुणाला? विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "म्हाईत हुतं. पर आकडा वाढला की तुझं तोंड उजळायचं. म्हणून लिवत गेलो."

त्यांनी बापाच्या मायेनंच केलं, हे मला कळतं. म्हणून तर जास्त चीड येते. चार महिने मी फोनवर रडत होते, तेव्हाही ते खरं बोलले नाहीत.

आता माझी वही मीच लिहिते. महिनोन्‌महिने आकडा हलत नाही, तरी तोच लिहिते. तिसऱ्या वर्षी खरे सत्तर डोक्यावर गेले. सर म्हणाले, "झालं एकदाचं." मी घरी लावायला फोन काढला आणि परत बॅगेत ठेवला. सांगणार काय? घरी सत्तर केव्हाच झाले होते. पेढेही खाऊन झाले होते.

जूनमध्ये तूही इथे सरावाला येते आहेस. तुझ्या वहीत साठ आहेत म्हणे, त्याच प्लेटांचे. निघण्याआधी प्लेटा त्या काट्यावर ने, अण्णांनाही बरोबर घे. जो आकडा निघेल तो मला फोन करून सांग. पंचावन्न का निघेना, पेढे मी इथे वाटीन. ज्याला खरा आकडा सांगावा असं एक तरी माणूस असलं, की मी त्याला घर म्हणेन. ते माणूस तू हो, मने.