हजेरीची सही

१८ एप्रिल. कांद्याची काटणी चालू होती. नऊ बायका लावलेल्या, मी दहावी. पात कापायची, बारकी चिंगळी बाजूला, मोठा कांदा पाटीत. अकराच्या सुमारास ग्रामपंचायतीचा शिपाई मोटारसायकलवरून बांधापर्यंत आला. काखेत रजिस्टर.

"काकू, शुक्रवारच्या मिटिंगची हजेरी ऱ्हायलीय तुमची."

आमच्याकडे हे असंच चालतं. मिटिंग होते, चहा होतो, सही मागाहून रानात नाहीतर घरी. ठरावाची जागा कोरी सोडतात, मजकूर ग्रामसेवक भाऊसाहेब सवडीनं लिहितात.

"माझा विरोध लिहिलाय का?"

"भाऊसाहेब लिवतील की. जागा सोडलीय ना!"

मी पदराला हात पुसले आणि सही केली. मूर्खपणा.

शुक्रवारी ठराव होता शाळेच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचा. गावातल्या पोरींना पळायला, खो-खो खेळायला तेवढी एकच सपाट जागा. मी उभी राहून नाही म्हणाले होते. नाही म्हणणं हेच माझं राजकारण. दोनदा पडले, तिसऱ्यांदा सात मतांनी ग्रामपंचायतीवर निवडून आले, आणि चार वर्षं नऊ जणांत एकटी विरोधात बसतेय. सरपंच मला बघितलं की म्हणतात, "आल्या नायवाल्या बाई. चहा तरी घ्या, का त्यालाबी विरोध?" सगळे हसतात. मध्ये एकदा माझ्या विहिरीवरची केबल कुणीतरी कापून नेली. तरी मी नाहीच म्हणत राहिले.

दुपारच्या भाकरीला बसलो, तर काटणीला आलेल्या शेजारणीनं मोबाइल पुढं केला. गावच्या ग्रुपवर ठरावाचा फोटो. 'सर्वानुमते मंजूर.' खाली माझी सही, कांद्याच्या ओल्या बोटाच्या डागासकट.

"बाई, तुमीबी?" ती म्हणाली. "माझी पोर तिथंच पळती."

मी भाऊसाहेबांना फोन लावला.

"माझा विरोध कुठंय?"

"ताई, आजच काय झालं? चार वर्षांत तुमचा विरोध एकदाही लिहिलेला नाही. तुम्ही सह्या करत गेलात, आम्ही लिहीत गेलो."

आवाज न चढवता बोलले. पाण्याची टाकी, दारूच्या दुकानाचा दाखला, वस्तीचा रस्ता, सगळ्याला मी घसा फोडून नाही म्हणाले होते. कागदावर मात्र मी त्यांच्यातलीच. खोटं त्यांनी लिहिलं, पण हात माझा कुणी धरला नव्हता. विरोध करायला आलेली बाई एकदा पान उलटून बघत नाही, तिला काय म्हणावं? दिवस मावळेपर्यंत पात कापत राहिले. दोनदा बोट कापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांना कामाला लावलं आणि दहाला कार्यालय उघडायच्या आधी दारात उभी राहिले. ठरावाविरुद्धच्या अर्जाच्या दोन प्रती होत्या. एक दिली, दुसरीवर शिक्का घेतला. मग सदस्य म्हणून चार वर्षांची रजिस्टरं मागितली.

"काकू, भाऊसाहेब यिऊ द्या की," शिपाई म्हणाला.

"येऊ दे. तोवर वाचते."

कपाटातली रजिस्टरं उचलली, खुर्ची बाहेर ओढली. समोर पारावर नेहमीची मंडळी बसलेली होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या पानापासून वाचायला लागले. ठराव, सर्वानुमते मंजूर, आणि खाली सही केलेल्यांची नावं. माझं आलं की तेही वाचलं.