पाहुणे आणि वाफसा

शनिवारी दुपारी माणसाने झोपावं, असं माझं साधं मत आहे. पण त्या वर्षी सप्टेंबरपासूनचे सगळे शनिवार मी सिंगापुरात सेरंगूनच्या चर्चच्या हॉलमध्ये फुग्यांचे कुत्रे करण्यात घालवले. जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमधून निघायचं, आधी एमआरटीची मेट्रो, मग बस, मग भर उन्हात चालत जायचं, आणि पोचल्यावर एक लांबट फुगा हातात घेऊन पिळत बसायचं. बाकीच्यांच्या फुग्यांचे कुत्रे होत. माझ्या फुग्याकडे बघून माझी चौदा वर्षांची मुलगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "मा, दॅट्स अ सॉसेज लाह."

हे कुत्रे मलावीतल्या एका खेड्यातल्या मुलांसाठी होते. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या मंडळीतले वीसेक जण दरवर्षीप्रमाणे डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत तिथे मिशन ट्रिपला जाणार होते. खरं तर मुलीबरोबर जायचं होतं माझ्या नवऱ्याला. तो मरीन इंजिनिअर, तुआसच्या एका यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर. खेड्यातला हातपंप तो नीट करणार, असं ठरलं होतं. तिकीट काढून झालं आणि यार्डात एक मोठं जहाज येऊन पडलं, त्याची रजा गेली आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून माझं नाव घातलं गेलं. मला हातपंपातलं काही कळत नाही, म्हणून मला फुगे दिले. शिवाय बायबलमधल्या नोहाच्या तारवाचा बाहुल्यांचा खेळ होता, त्यात नोहाच्या बायकोचा आवाज दिला.

आमची टीम लीडर निवृत्त शाळामास्तरीण होती, चिनी, बुटकी, तुरुतुरु चालणारी. तिला सगळे आँटी म्हणत. बाई मनाने चांगली, पण कार्यक्रम एकदा कागदावर टाइप झाला की आकाश कोसळलं तरी बदलायचा नाही, हा तिचा खाक्या. नऊला बाहुल्या, दहाला गाणी, अकराला फुगे. मी एकदा विचारलं, "आँटी, दुपारी थोडं पडायला वेळ आहे का?" ती म्हणाली, "सिस्टर, स्वर्गात पडायचंय की."

मला या सगळ्याचा शीण आला होता आणि तो नुसता शनिवारांचा नव्हता. आम्ही नगर जिल्ह्यातले, घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझं लहानपण मिशन बंगल्याच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीत गेलं. बंगल्यावर परदेशी पाहुणे आले की आम्हा मुलांना तेल चोपडून रांगेत उभं करत आणि आम्ही एक इंग्रजी गाणं म्हणत असू, ज्याचा अर्थ आम्हाला आजतागायत कळलेला नाही. आँटीला हे कुठून तरी समजलं होतं. ती सगळ्यांना सांगायची, "बघा, ज्यांच्याकडे एके काळी मिशनरी गेले त्यांची नात आता स्वतः जाते आहे!" सगळे कौतुकाने माझ्याकडे बघत. आपण दुकानाच्या काचेत ठेवलेलं भांडं आहोत असं मला तेव्हा वाटायचं, आणि राग यायचा.

जोहान्सबर्गला विमान बदलून, पुढे तासन् तास बसमध्ये आदळत आम्ही पोचलो तेव्हा मुलं रांगेत उभी होती. बराच वेळ उभी असावीत, कारण शेवटचं एक पोर उभ्या उभ्या पेंगत होतं. त्यांनी गाणं म्हटलं. आमच्यासाठी आंब्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मी खुर्चीत बसले. या बाजूने हे गाणं मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्हाला दोघी-तिघींना मिळून एकेका घरी उतरवलं. मी आणि मुलगी एका विधवा बाईच्या घरी होतो. माझ्याच वयाची असेल. तीन लहान मुलं, दोन खोल्या, दाराशी कोंबड्या. तिला इंग्रजीचे चारच शब्द येत होते, त्यातला मुख्य म्हणजे 'सिट'. मी भांडं उचललं की "सिट, ममा." झाडू घेतला की "सिट, ममा." तिने स्वतःची खाट आम्हाला दिली आणि आपण मुलांना घेऊन जमिनीवर निजली. मी हातवारे करून भांडले, पण तिने ऐकलं नाही. पाहुण्यापुढे कुणाचं चालतं, आणि यजमानापुढे पाहुण्याचं तरी कुठे चालतं.

आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी तिथे दणकून पाऊस झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला म्हणून मी घरामागे गेले तर समोर तिचं शेत. सऱ्या ओढून तयार होत्या, ढेकळं फोडलेली, काडीकचरा वेचलेला. मी सवयीने मूठभर माती उचलली आणि दाबली. गोळा झाला. बोटं सैल केली तर तो अलगद फुटला. याला आमच्याकडे वाफसा म्हणतात. माती ना चिखल असते ना कोरडी, बी टाकायची हीच वेळ. कडक ऊन पडलं की दोन-चार दिवसांत वाफसा उडून जातो, आणि मग पुढच्या पावसाची वाट बघत बसायचं. शेती सोडून मला बरीच वर्षं झाली होती, सिंगापुरात माती दिसते ती कुंडीत. पण हाताला ते कळलं.

मी मान वर करून पाहिलं. सगळं शिवार तयार होतं आणि शिवारात एक माणूस नव्हता.

नऊच्या बाहुल्यांआधी मी तिथल्या पाळकांना गाठलं. भला माणूस, झिजलेल्या कोटातही ताठ चालणारा. इंग्रजी छान बोलायचे. मी विचारलं, "पेरणी का थांबलीय?" ते अभिमानाने म्हणाले, "मी वेदीवरून सांगितलं आहे. पाहुणे आहेत तोपर्यंत कुणी कुदळीला हात लावणार नाही. तुम्ही इतक्या लांबून आलात आणि आम्ही शेतात जायचं?"

आम्ही दहा दिवस राहणार होतो.

माझ्या डोळ्यांपुढे आई आली. बंगल्यावर पाहुणे आले की स्वयंपाकाला तिलाच बोलावत. एका वर्षी ऐन पेरणीत मडमसाहेबांच्या बहिणी आल्या. आई चहाचा ट्रे हातात घेऊन व्हरांड्यात उभी होती आणि पाहुण्यांच्या डोक्यांवरून आमच्या शेताकडे बघत होती. मडमेने विचारलं, "काय बघतेस?" आई म्हणाली, "काही नाही, बाई." त्या वर्षी आमची बाजरी गुडघ्याच्या वर गेली नाही.

मी आँटीकडे गेले. म्हटलं, सकाळचे कार्यक्रम रद्द करा, या लोकांना पेरू द्या. डिसेंबर हा यांच्या पेरणीचा महिना आहे, आपण चुकीच्या वेळी आलो आहोत. आँटीने चष्मा काढून पुसला. "सिस्टर, डिसेंबर नाही तर कधी? शाळेची मोठी सुट्टी डिसेंबरलाच असते." मी म्हटलं, जूनमध्ये या, तेव्हा यांची कापणी उरकलेली असते. ती म्हणाली, "जून कॅन्नॉट लाह. जूनमध्ये मुलांच्या ट्यूशन असतात." मग माझा दंड थोपटून म्हणाली, "ते आपली वर्षभर वाट बघतात. दहा दिवसांनी काय होतंय?"

मी इतकी दमले होते की भांडायचंही त्राण नव्हतं. मी गेले आणि नोहाच्या बायकोचा आवाज काढला. समोर गावातल्या बाया हसत बसल्या होत्या, आणि दर थोड्या वेळाने एकेकीची मान शेतांकडे वळत होती. माझी यजमानीण पहिल्या रांगेत होती. ती हसतही नव्हती.

त्या संध्याकाळी डोक्यात आलं की ही बाई पाहुण्याला सोडून शेतात जाऊ शकत नाही. पण पाहुणाच शेतात गेला तर? मग तिला घरी बसता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, आणि मी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली. "सिट, ममा," ती घाबरून म्हणाली. मी बसले नाही. पदर नव्हताच, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ शेताकडे चालायला लागले. मागून मुलगी ओरडली, "मा! प्लीज लाह! एव्हरीवन इज लुकिंग!" मी मागे पाहिलं नाही. थोड्या वेळाने मागून भराभर पावलं आली. यजमानीण दुसरी कुदळ आणि बियाण्याची पिशवी घेऊन आली होती. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं तिने. तिला कळलं. तिने सरी धरली.

मी खड्डा करायची आणि ती मक्याचे दाणे टोकून पायाने माती ओढायची. मग काम बदलायचं. कमरेत चमक निघत होती, तळहात सोलून निघाले, आणि तरीही किती महिन्यांनी मला बरं वाटत होतं. तिकडून गाण्यांचा आवाज आला, मग फुगे फुटल्याचा, मग पोरांच्या किंचाळ्या. दुपार कलताना आँटी छत्री घेऊन बांधावर आली. "सिस्टर, नोहाच्या बायकोशिवायच तारू सुटलं आज," ती म्हणाली. खूप रागावली होती. मी कुदळीवर रेलून उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, "सुटू दे, आँटी." तिने कॅमेरा काढून माझा एक फोटो घेतला. का घेतला, ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन दिवसांत शेत पुरं झालं. मग ऊन पडलं. रोज भट्टीसारखं ऊन, आणि वर वारा. सऱ्या पांढऱ्या पडल्या. आम्ही निघालो त्या सकाळी सबंध शिवारात एकाच शेतात कोंब वर आले होते. गावातल्या बाया बांधावर येऊन ते बघत होत्या. यजमानिणीने माझे दोन्ही हात धरले आणि फोडांवरून अंगठा फिरवला. मला रडू आलं, आणि ते थकव्याचं आहे असं मी मुलीला सांगितलं.

सेरंगूनला मिशन संडेला स्लाइड्स दाखवल्या. बाहुल्या, फुगे, गाणारी मुलं, आणि मग पडदाभर मी, घामाने थबथबलेली, कुदळीवर रेललेली. सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. आँटीने मला साक्ष द्यायला पुढे बोलावलं. मी माइकवर सांगितलं, "आपण गेलो म्हणून त्यांची पेरणी राहिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये जा." मग कुणीतरी "आमेन" म्हटलं, आणि पुढचं गाणं सुरू झालं.

पुढच्या वर्षीचा कार्यक्रम टाइप होऊन आला. महिना डिसेंबर. शेवटच्या दिवशी दहा ते अकरा पाळकांच्या शेतात 'फार्मिंग एक्स्पीरियन्स', आणि त्यापुढे माझं नाव. मी आँटीला फोन करून सांगितलं की शेवटच्या दिवसापर्यंत माती सुकलेली असेल. आँटी म्हणाली, "मग पाणी घालू लाह." मी फोन ठेवला आणि सोफ्यावर आडवी झाले. नवरा म्हणाला, "दमलीयेस, तर नको जाऊ. नाव काढून टाक."

काढणारच होते. पण मी गेले नाही तर त्या घरी दुसरं कुणीतरी उतरलं असतं. ते खुर्चीवर बसलं असतं, आणि ती त्याच्यासमोर उभी राहून शेताकडे बघत राहिली असती. मी पुन्हा शनिवारी सेरंगूनला जायला लागले. कुत्रे काही त्याही वर्षी जमले नाहीत.

पुन्हा तोच प्रवास, तीच बस. या वेळी तर वाटेत मला ताप भरल्यासारखं झालं होतं. आता उतरून त्या खाटेवर अंग टाकायचं, बस, एवढंच मनात होतं. बस थांबली. आंब्याखाली खुर्च्या मांडलेल्या, मुलं रांगेत, गाणं सुरू झालं. मी उतरले तर बूट जरासे मातीत रुतले. आदल्या दिवशी पाऊस झालेला दिसत होता.

मुलांच्या मागे गावातल्या बाया उभ्या होत्या. गेल्या वर्षीसारख्याच, नव्या कपड्यांत. पण या वेळी प्रत्येकीच्या हातात दोन कुदळी होत्या.

माझी यजमानीण गाणं संपायची वाट न बघता पुढे आली. तिने 'सिट' म्हटलं नाही. एक कुदळ माझ्या हातात दिली. पाळकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. यजमानिणीने आपल्या भाषेत त्यांना एक वाक्य ऐकवलं आणि ते बाजूला झाले. काय म्हणाली ते मी नंतर त्यांनाच विचारलं. "पाहुण्यांची इच्छा आहे," एवढंच.

"दमलेय गं बाई," मी मराठीत म्हटलं. तिनेही काहीतरी म्हटलं. बहुधा तेच असावं.

मागे वळून पाहिलं तर बाकीच्या बाया बसपाशी पोचल्या होत्या आणि उतरणाऱ्या एकेकाच्या हातात कुदळ देत होत्या. माझी मुलगी आपली घेऊन पुढे निघालीसुद्धा होती. आँटी एका हातात टाइप केलेला कार्यक्रम आणि दुसऱ्या हातात कुदळ घेऊन उभी होती. तिच्यासमोरची बाई हसून तिची वाट बघत होती. शेवटी आँटीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

खुर्च्या तशाच रिकाम्या राहिल्या.