फणसाकडून डावीकडे

आमच्या रत्नागिरीत पत्ता सांगायला नसलेल्या वस्तू फार उपयोगी पडतात. फणसाकडून डावीकडे वळा, असं सगळे सांगतात. तो फणस रस्ता रुंद करताना तोडला त्याला वीस वर्षं झाली. बर्फाच्या फॅक्टरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. रिक्षावाल्याला तसं सांगितलं की तो विचारतो, "म्हणजे बर्फाच्या फॅक्टरीकडे ना?"

नोकरीतून सुटल्यावर मी याच पत्त्यांवर जुन्या गावाची पायी फेरी सुरू केली. रविवारी सकाळी, सहा माणसं, सातवं घेत नाही. पाहुणे पाठवतात ते एका लॉजचे मालक, इकडे नवे आलेले. आठ वर्षांपूर्वी आमचे हे गेले आणि तेव्हापासून रविवार मला खायला उठतो. फेरी असली की दुपारपर्यंत तरी तो गप्प बसतो.

मग एका पाहुण्याने एकच तारा देऊन मोबाइलवर लिहिलं, 'पाहण्यासारखं काहीही नाही.' खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. मालकांचा फोन आला. "काकू, अशी आणखी एक तक्रार आली तर पाहुणे पाठवणं बंद करावं लागेल हां."

पुढच्या रविवारी पुण्याची सहा माणसं आली. फणसापाशी मी जीव तोडून बोलले. गरे कडक कापे की लिबलिबीत बरके, यावरून दोन घरांत अबोला कसा झाला, तेसुद्धा सांगितलं. एक बाई इतक्या रंगल्या की फोटो काढताना नवऱ्यावर ओरडल्या, "अहो, बाजूला व्हा, फणस झाकला जातोय!" तेही निमूट सरकले. बर्फाच्या फॅक्टरीसमोर एका आजोबांनी मफलर गुंडाळला. आता तारे कुठे जात नाहीत, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात माणसं मोजली तर पाचच. सकाळपासून "पुरावा काय?" विचारणारे निवृत्त इंजिनिअर गायब होते. फोन लागेना. मला घाम फुटला. ज्यांच्या ताऱ्यांची धास्ती होती, नेमके तेच हरवले होते.

मागे आलो तर कोपऱ्यावरची मासेवाली म्हणाली, "ते चष्मेवाले? बाजारपेठेची वाट विचारत होते. मी सांगितलं, भाऊ बसतात ना, त्या गडग्याकडना वळा."

भाऊ म्हणजे आमचे हे. जन्म गेला एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत. निवृत्त झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी जांभ्या दगडांचा बुटका गडगा आहे, त्यावर बसायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, त्याने विचारलं नाही तरी, वाट सांगायला लागले. मासेवाली तेराव्याला माझ्याकडे जेवून गेली होती. तरी तिच्या तोंडी 'बसतात'च. तिला चूक म्हणायला मी कोण? सकाळभर मी लोकांना फणस दाखवत होते.

गडग्यावर, अगदी ह्यांच्याच जागेवर, इंजिनिअर बसले होते.

"भाऊंची वाट बघतोय," ते म्हणाले. "आणखी दोघांना विचारून खात्री केली. दोघंही म्हणाले, हो, इथेच बसतात. आणि गंमत म्हणजे मलाच एकाने बाजारपेठेची वाट विचारली."

"मग?"

"सांगितली की. फणसाकडून डावीकडे."

आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण त्या जागेवर कोणीतरी बसलेलं बघून बरं वाटत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आज बाहेर गेलेत."

संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर चार तारे दिले. खाली लिहिलं होतं, 'सगळं नीट पाहिलं. भाऊ भेटले नाहीत म्हणून एक तारा कमी.'

लगेच मालकांचा फोन आला. "काकू, चार म्हणजे उत्तम! फेरी चालू ठेवा. पण हे भाऊ कोण? पुढच्या रविवारी त्यांना तेवढं हजर राहायला सांगा."

"बरं," मी म्हटलं, "सांगते त्यांना."