कोचचा उखाणा

आम्ही इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला राहायला आलो तेव्हा नवऱ्याला दोन गोष्टी लगेच आवडल्या, ऑफिसजवळचा फ्लॅट आणि आइस हॉकी. मला दोन्ही आवडल्या नाहीत. बाहेर गारठा असताना तिकीट काढून आणखी गारठ्यात जाऊन बसायचं आणि दात पडलेल्या माणसांची ढकलाढकली बघायची, ही करमणूक माझ्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

इथल्या संघाच्या कोचचं नाव मात्र घरात रोज निघायचं. तरुणपणी ते कॅनडातून एका हंगामापुरते खेळायला आले होते. गुडघा गेला, परतायचं राहिलं, आणि बर्फाच्या मैदानाच्या, म्हणजे रिंकच्या, कॅफेत चहा देणाऱ्या मुलीशी लग्न करून ते इथलेच झाले. बुडत्या संघाला त्यांनी वर काढलं, करंडक आणले. गावात त्यांना कुणी रांगेत उभं राहू देत नसे. बायको संघाच्या फाटलेल्या जर्सी शिवायची आणि प्रत्येक मॅचला बेंचच्या मागेच बसायची.

"अगं, लेजंड आहे तो माणूस," नवरा म्हणायचा. "तो नुसता 'चेंज!' ओरडला ना, की अख्खी टीम हलते. यू शुड सी इट!"

या खेळात मिनिटभरातच माणूस दमतो. कोच ओरडला की बर्फावरचे बाहेर येतात आणि बाकावरचे आत उडी घेतात. एवढं मलाही कळलं होतं.

मग कोचना स्ट्रोक आला, आणि ते माझ्याकडे आले. मी स्पीच थेरपिस्ट. पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून घरी मी ब्रसुद्धा काढला नाही.

त्यांचे सगळे शब्द गेले होते, एक सोडून. पाणी हवं असलं की "चेंज!" खिडकी लावायची असली की "चेंज!" बायकोला हाक मारायची तरी तेच. डोकं शाबूत होतं, त्यामुळे चुकीचा शब्द बाहेर पडला की त्यांना लगेच कळायचं आणि ते टेबलावर मूठ आपटायचे. मला त्यांचा राग आवडायचा. माझाही तसाच आहे.

त्यांची बायको सोबत यायची. एकदा त्यांना कोट घालून बाहेर बसवून ती परत आत आली. तिच्या कॅन्सरवर आता उपचार उरले नव्हते. "बाकी काही नाही बोलले तरी चालेल," ती म्हणाली. "मी आहे तोवर एकदा माझं नाव घेऊ देत." मी नुसती मान हलवली.

बोलणं गेलेल्या माणसाला कधीकधी गाणं येतं, पाठ असलेली कविता येते. गाण्यांना कोचनी साफ नकार दिला. तेव्हा मला आठवला उखाणा. माझ्या लग्नात मावश्यांनी घास अडवून धरला होता तेव्हा कुठे मी फुगलेल्या गालांनी एक पुटपुटले होते. आणि आता मी बाई इंग्रजीत उखाणा रचत बसले! पहिली ओळ बर्फाची, दुसरी रेफरीच्या शिट्टीची, आणि यमक बरोबर तिच्या नावावर येऊन पडायचं.

"आमच्याकडे लग्नात जोडीदाराचं नाव असंच घेतात," मी कोचना सांगितलं. "आणि घेतल्याशिवाय जेवायला मिळत नाही." ते पहिल्यांदाच हसले.

डाव्या हातात हॉकीची काठी धरून ते जमिनीवर ताल धरायचे. माझ्या मागोमाग ओळी म्हणायचे. नावापाशी मी थांबायची आणि ते म्हणायचे, "चेंज!" मग मी ते नाव हळूच सांगायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवडे असेच गेले. हळूहळू त्यांचे ओठ त्या नावाच्या पहिल्या अक्षरासाठी मिटू लागले.

तिला हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून ठेवतात तिथे, हलवलं तेव्हा तिनेच मलाही बोलावून घेतलं. कोच पलंगाशी बसले आणि त्यांनी कठड्यावर बोटांनी ताल धरला. माझ्याबरोबर दोन्ही ओळी त्यांनी स्वच्छ म्हटल्या. मी थांबले. त्यांचे ओठ मिटले, मानेवरच्या शिरा ताणल्या गेल्या. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चेंज!"

त्यांनी कठड्यावर मूठ आपटली. ती हसली, मग खोकली, आणि मी क्लिनिकमध्ये सांगायची तसं तिनेच आपलं नाव हळूच त्यांना सांगितलं. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला तिला झोप लागली होती. त्याच आठवड्यात ती गेली.

अंत्यविधीला संघातले जुने-नवे खेळाडू काठ्या घेऊन आले होते. त्यांच्यात टाळ्या वाजवत नाहीत, बर्फावर काठ्या आपटतात. इथे बर्फ नव्हता, तर त्यांनी फरशीवर आपटल्या. कोच मान खाली घालून बसून होते.

नंतर ते एकटेच क्लिनिकला आले. मी उखाणा काढला नाही, माझा धीरच झाला नाही. त्यांचा कोट काढून ठेवत मी विचारलं, "चहा घेणार?"

त्यांनी तिचं नाव घेतलं. स्वच्छ, यमकाशिवाय, तालाशिवाय.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी 'हे नाही' अशी मान हलवली, कपाकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा तिचं नाव घेतलं. मग खिडकीकडे बोट दाखवून परत तेच नाव. 'चेंज' आता कुठेच नव्हतं. पाणी हवं असलं तरी तिचं नाव, थंडी वाजली तरी तिचं नाव. मूठ आपटत, चिडून, ते मला तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि मला रडू आवरेना.