ब्रेकच्या दिवशीचं बाळ

अक्कलकुव्याच्या दवाखान्यात मी कंत्राटी नर्स. कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की एक दिवसाचा ब्रेक आणि दुसऱ्या दिवशी नव्या ऑर्डरवर पुन्हा रुजू. ब्रेकच्या त्या दिवशी आपण दवाखान्याचे कोणीच नसतो. दरवर्षी मी त्या दिवशी डोक्यावर तेल थापून दुपारपर्यंत मस्त झोपायचे. त्या वर्षी मात्र पोटात बाळ होतं, आणि त्या एका दिवसाने माझा जीव टांगणीला लावला होता.

बाळंतपणाची सहा महिन्यांची पगारी रजा कंत्राटी बाईलाही मिळते, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या क्लार्कभाऊंनी बजावलं होतं, "मॅडम, ब्रेकनंतर प्रत्यक्ष हजर राहून सही केली तरच. नाहीतर ऑर्डर रद्द. नोकरीच नाही तर रजा कसली?" हे कायद्यात कितपत बसत होतं, देव जाणे. मी भांडायला कमी नाही, पण एवढं पोट घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस नव्हती. डॉक्टरांनी दिलेली तारीखही ब्रेकनंतरची, म्हणजे तशी सोयीची होती. आधी रुजू व्हायचं, लगेच रजा टाकायची आणि मग बाळंतपणाला म्हसावदला, आईकडे.

आईला एवढं थांबणं पटेना. सातवा लागल्यापासून फोनवर तिचा एकच धोशा. "पहिलं बाळतपण मायेरलेच व्हस. लोके काय म्हनतीन?"

शेवटी ब्रेकच्या दिवशी सकाळीच ती मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन माझ्या खोलीवर येऊन थडकली. उद्या सही झाली की मला उचलून न्यायचं, जीपवालाही ठरवून ठेवलेला. तिने माझे कपडे पिशवीत कोंबले. पिशवी बाजूला सरकवायला मी वाकले आणि कळ आली. रोज बायकांना "घाबरायचं नाही" म्हणून दटावणारी मी, अशी किंचाळले की घरमालकीण हातातलं लाटणं घेऊनच धावत आली.

दुपारी मुलगी झाली. माझ्याच दवाखान्यात, जिच्या चादरी मी बदलते त्याच खाटेवर. रिटायरमेंटला आलेल्या आमच्या मोठ्या सिस्टरांनी मला सुखरूप सोडवलं. मुलीला छातीशी घेतलं तेव्हा मी आनंदाने रडले, आणि मग लगेच उद्याच्या सहीच्या आठवणीने रडले. टाके पडलेले, ऑफिस पलीकडच्या इमारतीत.

"झोप गुमान," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तसा त्यांचा आवाज वॉर्डापर्यंत ऐकू आला. "अरे भाऊ, ती हाजर शे! दवाखानामाच शे. चाल, दखाडस तुले."

क्लार्कभाऊ रजिस्टर घेऊन आले खरे, पण बायकांच्या वॉर्डात शिरायची त्यांना भारी लाज. दारातच पाठ करून उभे राहिले आणि रजिस्टर मागच्या मागे पुढे केलं. आईने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. मुलगी मांडीवर, रजिस्टर उशीवर, अशी मी रुजू झाले. त्याच पेनाने रजेच्या अर्जावरही सही केली.

"कामवर लागनी आनि लगेच सुट्टी?" आई म्हणाली. "अशी नोकरी माले बी दखा रे भाऊ!"

सगळा वॉर्ड हसला. क्लार्कभाऊंचे खांदेसुद्धा हलले. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. मुलीला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता त्या हळूच म्हणाल्या, "मन्हा टाइमले माले कोनी असं हाजर करी लिधं नई. पोरगी महिनानी बी नव्हती. तिले सासूकडे सोडीसन मी डुटीवर उनू. पदर दूधनी ओला व्हये."

इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं, पण हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. मी त्यांचा हात धरला.

त्यांनी तो सोडवून घेतला आणि मुलीला माझ्या कुशीत ठेवलं.

"ले. आते सहा महिना हाईच तुन्ही डुटी."